‘ळ’ला अक्षर कोणतं?

उर्दूच्या तासाला मुलांना आपापल्या गावाचं नाव लिहायला सांगितलं होतं. मंगळवेढ्याचा एक मुलगा अडला. “सर, ‘ळ’ कसा लिहायचा?” उर्दूत ‘ळ’ नाही. लाम लिहून पुढे जा, असं मी सांगितलं. तो म्हणाला, “मग ते मंगलवेढा होईल. आमचं गाव मंगळवेढा आहे.”

हाच पेच काही शतकांपूर्वी युरोपातल्या मुसलमानांच्या एका छोट्या समाजापुढेही आला होता. त्यांनी तो कसा सोडवला, हे वाचण्यासारखं आहे.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिथुआनियाचा ग्रँड ड्यूक विताउतास याने तातार सैनिकांना आपल्या राज्यात वसवलं. आजचा लिथुआनिया, बेलारूस आणि पोलंडचा काही भाग हा तो मुलूख. तातारांनी त्याच्यासाठी लढायचं, बदल्यात जमीन घ्यायची आणि आपला दीन पाळायचा, असा व्यवहार होता. ते लहान लहान गावांत विखुरले. अनेकांनी तिथल्याच बायकांशी लग्नं केली. पुढच्या पिढ्यांनी आईची भाषा उचलली. सोळाव्या शतकाच्या सुमारास त्यांची मूळची तुर्की बोली जवळजवळ संपली आणि घरात बेलारूसी, पोलिश बोलली जाऊ लागली. रशियन, युक्रेनी यांच्यासारख्याच या दोन्ही स्लाव्ह कुळातल्या भाषा.

आता मुलांना नमाज कशी शिकवायची? नबींच्या गोष्टी कोणत्या भाषेत सांगायच्या? तुर्की समजत नाही, अरबी फक्त वाचता येते. मग त्यांनी बेलारूसी आणि पोलिश भाषा अरबी अक्षरांत, उजवीकडून डावीकडे लिहायला सुरुवात केली. या हस्तलिखितांना ते ‘किताब’च म्हणत. त्यांत नबींचे किस्से, दीनचे अहकाम, नसीहती असत. दुआंच्या लहान वह्यांना ‘हमाइल’ म्हणत. तफ़सीरही होती. १६८६ सालच्या एका हस्तलिखितात कुरआनच्या अरबी ओळींखाली पोलिश अर्थ लिहिलेला आहे, तोही अरबी अक्षरांतच.

लिहायला बसल्यावर मात्र अक्षरं कमी पडली. फ़ारसीने अरबी लिपीत आधीच घातलेली पे आणि चे त्यांना मिळाली, तीच जी आपण उर्दूत वापरतो. पण बेलारूसीत ‘त्स’ आणि ‘द्झ’ असे ध्वनी आहेत, त्यांना अक्षरच नव्हतं. त्यांनी सादखाली तीन नुक्ते दिले आणि ‘त्स’ केला. दालखाली तीन नुक्ते दिले, ‘द्झ’ झाला. उर्दूनेही टे, डाल, ड़े अशीच घडवली आहेत.

या किताबा तातारांच्या घरांत पिढ्यानपिढ्या नकलून जपल्या गेल्या. १९१५ साली बेलारूसी संग्राहक इव्हान लुत्स्केविच यांना विल्नियसजवळच्या ‘सोरोक तातारी’, म्हणजे ‘चाळीस तातार’, नावाच्या गावात अशी एक किताब सापडली. भाषेचे अभ्यासक तिच्याकडे वळले. पुढे १९६८ मध्ये अंतोन अंतानोविच यांनी विल्नियसमध्ये या हस्तलिखितांच्या लिपीवर मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला.

अभ्यासकांना यात एवढं काय मिळालं? त्या काळचं इतर बेलारूसी लेखन सिरिलिक लिपीत होतं आणि ते जुन्या वळणाने चाले. लोक पाण्याला ‘वादा’ म्हणत, पण लिहिताना ‘वोदा’ लिहीत. दिवसाला ‘द्झेन’ म्हणत, पण ‘द्झ’ला वेगळं अक्षर नसल्याने साधा ‘द’ लिहीत. तातारांवर सिरिलिकच्या शुद्धलेखनाचं ओझं नव्हतं. कानाला जे ऐकू आलं, ते त्यांनी लिहिलं. त्यामुळे बेलारूसी लोक खरोखर कसे बोलत, याचा फार मोलाचा पुरावा मुसलमानांच्या धार्मिक वह्यांत सापडला.

१८७५ ते १८८३ या काळात कझान विद्यापीठात शिकवणारे पोलिश भाषाशास्त्रज्ञ बोदुएं द कुर्तने अक्षर वेगळं आणि ध्वनी वेगळा, हे आग्रहाने सांगत. किताबा लिहिणाऱ्यांनी ते शास्त्र शिकलेलं नव्हतं. अडचणीतून ते त्यांना उमगलं असावं.

हे सगळं मला जवळचं वाटतं, त्याला कारण आहे. “सर, मुसलमान असून तुमचं मराठी इतकं छान कसं?” हे मी नोकरीत कितीदा तरी ऐकलंय. आपल्यातलेही काही बुजुर्ग म्हणतात, उर्दू सुटली की दीन सुटला. उर्दूचा शिक्षक म्हणून मला त्यांची काळजी कळते. तातारांची तुर्की गेली, हे नुकसानच होतं आणि ते भरून आलं नाही. पण त्यांचा दीन तुर्कीबरोबर गेला नाही. तो त्यांनी शेजाऱ्यांच्या भाषेत मुलांपर्यंत पोहोचवला, आणि त्या खटाटोपात शेजाऱ्यांच्या भाषेचाही इतिहास जपला गेला. आपल्याकडे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला, तेव्हा त्यांनाही ही भाषा परकी वाटली नसणार.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात या किताबांची गोष्ट सांगितली. मंगळवेढ्याच्या त्या मुलाने वहीत लामखाली तीन नुक्ते दिले आणि गावाचं नाव पूर्ण केलं. उर्दूच्या नियमाने ते चूक आहे, हे त्याला सांगितलं. लाल शाई मात्र लावली नाही.