अपराधशास्त्राचा आरोपी कोण?



कामगार संघटनेच्या माणसाने अपराधशास्त्राच्या इतिहासावर बोलावे, याचे कित्येकांना नवल वाटले असेल. पण संप म्हटला की जमावबंदी आली, अटक आली, जामीन आला. आमचे शालेय शिक्षण थोडके. या शास्त्राची ओळख आम्हांस झाली ती सार्वजनिक वाचनालयात. ते ग्रंथ वाचताना एक प्रश्न आमच्या मनातून जाईना. विद्यापीठात बसून गुन्हेगाराचा अभ्यास करणारे हे पंडित अभ्यासाला गुन्हेगार आणतात तरी कोठून?

आणतात ते तुरुंगातून. इटलीतील वैद्य चेझारे लोंब्रोसो यांनी कैद्यांची डोकी, जबडे, कान मोजले आणि १८७६ मध्ये ग्रंथ लिहून सांगितले की, कित्येक माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात व त्याची खूण त्यांच्या अंगावर असते. तुरीनच्या विद्यापीठात ते प्राध्यापक होते. त्यांच्या या मताचा युरोपभर बोलबाला झाला. पुढे चार्ल्स गोरिंग या इंग्रज तुरुंग-डॉक्टरांनी सुमारे ३,००० कैद्यांची मापे घेतली आणि केंब्रिजचे विद्यार्थी, सैनिक वगैरेंच्या मापांशी ती ताडून पाहिली. जन्मजात गुन्हेगाराचा निराळा देह त्यांना सापडला नाही. १९१३ साली त्यांनी तसे छापले.

आपल्या देशात मात्र राज्यकर्त्यांना मोजपट्टीचीही गरज भासली नव्हती. लोंब्रोसोच्या ग्रंथाआधी पाच वर्षे, १८७१ मध्येच, सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. चोरी सिद्ध होवो न होवो, अमुक जमातीत जन्म झाला एवढे पुरे. सोलापूरच्या मंडळींना सेटलमेंट हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. तारेच्या कुंपणातली वस्ती, ठरल्या वेळची हजेरी, आणि तेथील स्त्रीपुरुषांनी कापडगिरण्यांत केलेले काम! ज्यांच्या हातांवर सूत निघाले, त्यांचेच नाव पोलिसांच्या वहीत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. कपाळावरचा शिक्का इतक्या लवकर गेला नाही.

अमेरिकेत या विषयाला पोलिसांनीही हात दिला. बर्कलीचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी १९१६ मध्ये तेथील विद्यापीठात वर्ग सुरू केले. शिकलेला शिपाई हवा, ही त्यांची मागणी रास्तच होती. पण त्यातूनही नजर वळली ती रस्त्यावरच्या चोराकडेच.

ही नजर फिरविण्याचे श्रेय एडविन सदरलँड यांचे. हे काही चळवळे गृहस्थ नव्हेत. १९२४ पासून त्यांचे अपराधशास्त्राचे पुस्तक महाविद्यालयांतून लागलेले. पुढे ते इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९३९ च्या डिसेंबरात फिलाडेल्फिया येथे अमेरिकन समाजशास्त्र परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी भाषण केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: गुन्ह्याचे मूळ दारिद्र्यात आहे, मोडक्या संसारात आहे, असे आपण शिकवितो, कारण आपण केवळ पकडलेल्या गरिबांकडे पाहतो. मग धंद्यात अफरातफर करणारा सुखवस्तू माणूस कोणत्या दारिद्र्याने बिघडला? अशा गुन्ह्याला त्यांनी पांढऱ्या कॉलरचे नाव दिले. मराठीला ते जड गेले नाही. पांढरपेशा हा शब्द आपल्या घरचाच होता.

भाषणावर ते थांबले नाहीत. देशातील सर्वांत मोठ्या ७० कंपन्या त्यांनी घेतल्या आणि न्यायालये व सरकारी आयोग यांनी त्यांच्याविरुद्ध दिलेले निर्णय एकेक करून मोजले. भरले ९८०. म्हणजे कंपनीमागे सरासरी १४! सराईत गुन्हेगार म्हणून ज्याला आपण कायमचा आत टाकतो, त्याच्या नावावरही इतके नसतात. व्यापारातील मक्तेदारीचे ३०७, खोट्या जाहिरातींचे ९७. आणि कामगारांशी अनुचित वर्तनाचे १५८. हा शेवटचा आकडा वाचताना आम्ही पुस्तक खाली ठेवले. संघटनेच्या माणसाला कामावरून काढणे, मालकाच्या खिशातली संघटना उभी करणे, हे सारे त्यात येते. महाराष्ट्राने ‘अनुचित कामगार प्रथा’ हे शब्द कायद्यात घातले ते १९७१ मध्ये.

आक्षेप आला. पॉल टॅपन हे कायदा जाणणारे समाजशास्त्रज्ञ. फौजदारी न्यायालयाने दोषी ठरविला तोच गुन्हेगार, असे त्यांनी १९४७ मध्ये बजावले. हा आक्षेप थट्टेवारी नेण्याजोगा नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिलेल्या आमच्यासारख्यांना, सिद्ध होईपर्यंत निर्दोष, या नियमाचे मोल पुरते ठाऊक आहे. परंतु सदरलँड यांचे उत्तर आम्हांस अधिक पटते. कंपन्यांनी मोडलेल्या कायद्यांत शिक्षेची तरतूद होतीच. फक्त प्रतिष्ठितांसाठी वाट निराळी आखली होती. अटकेऐवजी नोटीस, तुरुंगाऐवजी ‘पुन्हा असे करू नये’ असा हुकूम. शिक्का बसत नाही, म्हणून गुन्हा दिसत नाही.

१९४९ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले, पण कंपन्यांची नावे गाळून. प्रकाशकाला बदनामीच्या दाव्याचे भय. विद्यापीठालाही ती नावे नकोशी. दुसऱ्याच वर्षी सदरलँड वारले. नावांसह संपूर्ण पुस्तक येल विद्यापीठाने १९८३ मध्ये छापले, म्हणजे चौतीस वर्षांनी. भुरट्या चोराचे नाव छापायला एवढी वर्षे कोण थांबतो?

आपल्याकडे मुंबईत १९३६ मध्ये टाटांच्या देणगीतून समाजकार्याची शाळा निघाली. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी आधी नागपाड्याच्या वस्तीत काम केलेले होते. पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था या नावाने ती प्रसिद्धीस आली आणि तुरुंग-सुधारणेचे शिक्षणही तेथे मिळू लागले. सागर विद्यापीठात अपराधशास्त्र व न्यायवैद्यक यांचा विभाग १९५९ मध्ये स्थापन झाला. या शिक्षणातून कैद्याची बाजू जाणणारी माणसे तयार झाली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

याच सागरच्या शेजारी भोपाळ. १९८४ च्या डिसेंबरात, २ व ३ तारखांच्या मधल्या रात्री, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. सदोष मनुष्यवधाचे कलम सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये काढले व निष्काळजीपणाचे लावले. त्याची कमाल शिक्षा तेव्हा दोन वर्षे होती. निकाल लागला ७ जून २०१० रोजी. हयात असलेल्या सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याच दिवशी जामीनही मिळाला. कंपनीचे अमेरिकन अध्यक्ष वॉरन अँडरसन यांना न्यायालयाने फरारी ठरविले होते. ते खटल्याला आलेच नाहीत. २०१४ मध्ये अमेरिकेत ते वारले.