बेझंटबाईंचे दोन खटले आणि आमच्या घरातला प्रश्न

पंधरा दिवसांपूर्वी थोरल्या ताईचा फोन आला. "अरे, त्यांचा मेसेज आलाय. पोरीला भेटायचं म्हणतायत."

ते म्हणजे आमचे पूर्वीचे दाजी. सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेले. ना पोटगी, ना पोरीच्या वाढदिवसाला फोन. भाची तेव्हा चार वर्षांची होती, आता दहाची आहे. बाबा कुठं आहेत असं तिनं विचारलं की "लांब नोकरीला" असं आम्ही सगळेच सांगत आलो. मी ताईला तिथल्या तिथं सांगितलं, "अजिबात नाही." (ताईला विचारूनच हे लिहितोय. नाव-गाव कोणी विचारू नये.)

फोन ठेवला, पण झोप लागेना. इतिहासाची पुस्तकं चाळायची माझी जुनी खोड. त्या रात्री आठवल्या ॲनी बेझंट. शाळेच्या पुस्तकात या बाई होमरूलच्या धड्यापुरत्या भेटतात. १९१६ साल, एक लीग टिळकांची, दुसरी बाईंची. पण त्याआधी आणि इंग्लंडपासून मद्रासपर्यंत, या बाई मुलांच्या ताब्यासाठी दोनदा कोर्टात उभ्या राहिल्या होत्या. एकदा ताटातूट झालेली आई म्हणून, आणि एकदा बापाला आडव्या जाणाऱ्या पालक म्हणून.

पहिला खटला लंडनचा. नवरा फ्रँक बेझंट पाद्री, बाईंचा देवाधर्मावरचा विश्वास उडालेला. १८७३ साली दोघं कायदेशीर वेगळे झाले. मुलगा डिग्बी बापाकडे राहिला, धाकटी मेबल आईकडे. पुढं १८७७ मध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासोबत बाईंनी संततिनियमनाचं पुस्तक छापलं, त्यावरून खटला झाला, गाजला. शिक्षा तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाली, पण नवऱ्याला निमित्त मिळालं. १८७८ मध्ये तो कोर्टात गेला. आई नास्तिक, मुलीला धर्मशिक्षण देत नाही, त्यात असलं पुस्तक छापते. न्यायाधीश सर जॉर्ज जेसेल यांनी मेबलचा ताबा बापाला दिला. पोर तेव्हा जेमतेम आठ वर्षांची, नुकतीच तापातून उठलेली. तिला ओढून नेलं तेव्हा ती कशी किंचाळत होती, ते बाईंनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

पुढं अपिलात बाईंना भेटीचा हक्क मिळाला. आणि इथं त्यांनी जे केलं ते वाचून मी थांबलो. भेटीनंतर पोरगी आईसाठी झुरत राहते, भेटींवर घातलेल्या अटी अपमानाच्या आहेत, आणि भांडण मोठ्यांचं असून ओढाताण लेकरांची होतेय, हे त्यांच्या लक्षात आलं. मग मिळालेला हक्क त्यांनी स्वतःच बाजूला ठेवला. मुलं कळती होईपर्यंत भेटायचं नाही, पत्रही लिहायचं नाही, असं ठरवलं. मोठी झाल्यावर मेबल आणि डिग्बी दोघंही आपल्या पायांनी आईकडे परत आली.

आता दुसरा खटला. साल १९१२, गाव मद्रास. बाई एव्हाना थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्ष. सोसायटीच्या अड्यारच्या आवारात जिड्डू नारायणैया नावाचे निवृत्त सरकारी नोकर काम करायचे. बायको वारलेली. त्यांच्या मुलांपैकी दोघं, कृष्णमूर्ती आणि नित्यानंद. कृष्णमूर्ती हा होणारा जगद्गुरू आहे असं सोसायटीतल्या मंडळींनी ठरवलं, आणि मार्च १९१० मध्ये वडिलांनी सही करून दोघांचं पालकत्व बाईंना दिलं. पुढं वडिलांचं मन फिरलं. लेडबीटर या सोसायटीतल्या बड्या गृहस्थाच्या सहवासाबद्दल त्यांचे गंभीर आक्षेप होते, आणि पोरं आपल्याला दुरावत चाललीत हे दुःख होतंच. बाईंनी मुलांना शिकायला इंग्लंडला नेऊन ठेवलं. वडील कोर्टात गेले.

वडिलांच्या बाजूनं सी. पी. रामस्वामी अय्यर. बाईंनी स्वतःची बाजू स्वतःच मांडली. एप्रिल १९१३ मध्ये मद्रास हायकोर्टानं लेडबीटरवरचे आरोप सिद्ध झाल्याचं मानलं नाही, तरी मुलं वडिलांना परत करा असा हुकूम दिला. अपीलही बाई हरल्या. मग प्रकरण लंडनला, प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेलं.

बघा, स्वतःची पोर कोर्टानं हिरावलेली बाई आता एका बापाच्या आड उभी होती. मुलांचं भलं आपल्यालाच कळतं, या खात्रीनं. तीच खात्री १८७८ मध्ये फ्रँक बेझंटलाही होती. आणि खरं सांगायचं तर परवा रात्री फोनवर मलाही होती.

मे १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं निकाल फिरवला. बापानं पालकत्व दिलं तरी तो ते परत मागू शकतो, हे त्यांनी मान्य केलं. पण मुलं इंग्लंडात असताना असा हुकूम देता येत नाही, आणि मुख्य म्हणजे त्या मुलांचं म्हणणं आणि हित नीट पाहिलंच गेलं नाही, असं म्हटलं. कृष्णमूर्ती तेव्हा एकोणीस वर्षांच्या आसपासचा! इतकी वर्षं सगळे त्याच्याविषयी बोलत होते, त्याला विचारायचं राहिलं होतं.

गंमत म्हणजे आपल्याकडं १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यातच लिहिलंय की मूल समजत्या वयाचं असेल तर कोर्ट त्याची पसंती विचारात घेऊ शकतं. १९५६ चा हिंदू कायदा मुलाचं हित सर्वांत वर ठेवतो. कायद्यात आहे, घरात मात्र आपण विचारत नाही.

दाजींनी मारहाण केली असती, दारू पिऊन धिंगाणा घातला असता, तर माझं उत्तर आजही "अजिबात नाही" हेच राहिलं असतं. तसं काही नव्हतं. ते निघून गेले, एवढाच गुन्हा. आणि तो लहान नाही. पण त्याचा राग माझा आणि ताईचा आहे. पोरीचं काय आहे ते आम्हाला माहीतच नाही, कारण तिला आम्ही खोटं सांगत आलो.

परवा ताईकडे जाऊन आलो. असं ठरलंय: आधी पोरीला खरं सांगायचं. मग तिला काय वाटतं ते ऐकायचं, पण निकाल तिच्या डोक्यावर टाकायचा नाही. तो ताई घेईल. भेट झालीच तर आमच्याच घरी, तासभर. पहिल्या भेटीनंतर लगेच दुसरी ठरवायची नाही, पोरगी कशी आहे ते बघायचं. आणि दाजींनाही कळवलंय की एकदा येऊन पुन्हा गायब होणार असाल, तर येऊच नका.

येत्या रविवारी ताई पोरीशी बोलणार आहे. मी शेजारी बसणार, पण गप्प. मामाला एवढं जमलं तरी पुष्कळ.