शेकाच्या यंत्राची कुळकथा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या फिजिओथेरपी दवाखान्यांत संध्याकाळी माणसे ‘शेक घ्यायला’ येतात. जीन्स शिवून शिवून कंबर धरलेले कारागीर, जिना चढताना गुडघा कुरकुरणारे लोकलचे प्रवासी, ‘गादी झिजलीये’ असे डॉक्टरांनी सांगितलेल्या आजी. दुखऱ्या सांध्याला लावायच्या यंत्रांपैकी काही विद्युतचुंबकीय लहरींवर चालतात. पण या एका नावाखाली दोन घराणी नांदतात, एक उबेचे आणि दुसरे हाडाचे. आपल्या गुडघ्याला त्यातले कोणते लागले, हे रुग्णाला ठाऊक असायला हवे.

उबेचे घराणे थोरले. 1890च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये आर्सेन द'आर्सोन्वाल यांना दिसले, की सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज अंगातून गेली तर झटका बसत नाही, स्नायू आखडत नाहीत, फक्त ऊब जाणवते. बर्लिनच्या कार्ल नागेलश्मिट यांनी अशा उबेच्या उपचाराला ‘डायथर्मी’ हे नाव दिले. 1920च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्या येना शहरात अब्राहम एसाऊ या भौतिकशास्त्रज्ञाने लघुलहरींचा प्रक्षेपक बांधला आणि डॉक्टर एर्विन श्लीफाके यांनी त्या लहरींचा उपचार स्वतःच्या नाकावरच्या फोडावर करून पाहिला. शॉर्टवेव्ह डायथर्मीचा जन्म तिथला.

पुढे या यंत्रांमुळे रेडिओत खरखर येऊ लागली. 1947 साली अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेत उद्योग, विज्ञान आणि वैद्यकासाठी वेगळ्या कंप्रता राखून ठेवल्या गेल्या. 27.12 मेगाहर्ट्झ ही त्यांतलीच. आजही शेकाचे यंत्र बहुधा याच कंप्रतेवर चालते. त्याची एक लहर सुमारे 11 मीटर लांब असते.

त्याच सुमारास सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकींत उतरत होती. 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. मुंबईत तेव्हा पोलिओने मुलांचे पाय लुळे पडत होते. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएम रुग्णालयात देशातले पहिले फिजिओथेरपी विद्यालय उभे राहिले. 1955 साली हाजी अली इथे पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आली. यंत्र परदेशातून आले, पण ते सांभाळून वापरणारे प्रशिक्षित हात आपल्याकडे अशा संस्थांनी घडवले.

चांगला फिजिओथेरपिस्ट शेक कसा देतो, ते पाहण्यासारखे आहे. आधी गरम आणि गार पाण्याच्या नळ्या कातडीला लावून रुग्णाला फरक कळतो का, हे तो तपासतो. मधुमेहाने बधिर झालेला पाय भाजला तरी कळत नाही. घड्याळ आणि दागिने बाजूला ठेवले जातात. रुग्ण लाकडी खुर्चीवर बसतो. गुडघ्याचा घाम पुसून टॉवेल गुंडाळला जातो, दोन बाजूंना दोन पॅड लागतात. तारा एकमेकींना किंवा अंगाला चिकटू द्यायच्या नाहीत. मग पंधरा-वीस मिनिटे मंद, सुखाची ऊब. चटका बसला तर लगेच सांगायचे, कारण ‘जास्त गरम म्हणजे जास्त गुण’ ही समजूत घातक आहे.

धाकटे घराणे हाडाचे. 1957 साली जपानच्या एइची फुकाडा आणि इवाओ यासुदा यांनी दाखवून दिले, की हाडावर दाब पडला की त्यात सूक्ष्म वीज तयार होते. मग बाहेरून वीज पुरवली तर न जुळणारे हाड जुळेल का? न्यूयॉर्कच्या अँड्र्यू बॅसेट यांनी कातडीला छेद न देता, बाहेर ठेवलेल्या वेटोळ्यातून थांबून थांबून चुंबकीय स्पंद दिले. त्यांचा निबंध 1974 साली ‘सायन्स’मध्ये आला आणि 1979 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने न जुळणाऱ्या अस्थिभंगासाठी या उपचाराला मान्यता दिली. यात ऊब जवळजवळ जाणवतच नाही. सांधेदुखीसाठी त्याचा वापर नंतर सुरू झाला, आणि मोडलेल्या हाडावर मिळवलेली पत झिजलेल्या गुडघ्याच्या जाहिरातीत आली ती तेव्हापासून.

झिजलेल्या सांध्यांबाबत या स्पंदांचा पुरावा काय सांगतो? अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2013च्या कोक्रेन आढाव्यात 9 अभ्यास आणि 636 रुग्ण होते. 100 गुणांच्या मापावर खोट्या यंत्रापेक्षा वेदना सरासरी 15 गुणांनी जास्त उतरली. चालण्या-वावरण्यात मात्र ठाम फरक दिसला नाही. म्हणजे दुखणे थोडे हलके होते. झिजलेली गादी पुन्हा भरून येते, असे कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

छातीत पेसमेकर असेल, शरीरात धातूची पट्टी किंवा स्क्रू असेल, गर्भारपण असेल, कर्करोग झालेला असेल, तर यंत्र लावण्याआधी ते सांगा. कोणते यंत्र लावता आणि कशासाठी, हे विचारा. आणि शेकाने दुखणे उतरले की तेवढ्या वेळात मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम करून घ्या. गुडघ्याला खरा आधार त्याचाच आहे.