१० सप्टेंबर २००८ : जग संपणार होतं तो बुधवार

हेडफोन लावलेत ना? आज जाऊया जग संपलं त्या दिवसाकडे. म्हणजे, संपणार होतं त्या दिवसाकडे.

२००८ साली मी सातवीत होतो. गणपतीचे दिवस. आरतीनंतर प्रसाद खाताना मंडळातली मोठी पोरं सांगायची, "बुधवारी युरोपात मशीन सुरू होणार, त्यातून कृष्णविवर निघणार, पृथ्वी खल्लास!" टीव्हीवरही तेच. मंगळवारी रात्री मी गृहपाठ केलाच नाही. जगच उरणार नाही, तर तपासणार कोण? बुधवारी जग शाबूत होतं आणि मी अंगठे धरून वर्गाबाहेर.

आज हसू येतं. पण त्याच दिवसांत मध्य प्रदेशातल्या एका शाळकरी मुलीने या बातम्यांच्या धास्तीने जीव दिल्याची बातमी आली होती. माझ्यासारखीच टीव्हीसमोर बसलेली मुलगी. म्हणून हा किस्सा मला नुसता गमतीचा वाटत नाही.

तर नेमकं काय होतं? स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर, जमिनीखाली साधारण १०० मीटरवर, २७ किलोमीटर घेराचा गोल बोगदा आहे. त्यात सर्न या संस्थेचा लार्ज हॅड्रॉन कोलायडर. प्रोटॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने पळवायचे आणि समोरासमोर आदळायचे, हे त्याचं काम. गंमत ऐका. त्या बुधवारी टक्कर होणारच नव्हती! झोत नीट गोल फिरतो का, एवढंच बघायचं होतं. आपल्याकडे दुपारचे दोन वाजत आले तेव्हा पहिली फेरी पूर्ण झाली. नऊ दिवसांनी मशीनमध्येच बिघाड झाला आणि ते वर्षभर बंद पडलं.

मग कृष्णविवर आलं कुठून? काही शास्त्रज्ञांनीच म्हटलं होतं की, जगाला आपल्याला जाणवतात त्याहून जास्त मिती असतील, तर अशा टकरीतून अतिसूक्ष्म कृष्णविवर बनू शकेल. स्टीफन हॉकिंगच्या १९७४ च्या गणितानुसार ते क्षणात विरून जाईल. पण विरलंच नाही तर? हा प्रश्न घेऊन वॉल्टर वॅग्नर आणि लुइस सांचो मार्च २००८ मध्ये हवाईच्या कोर्टात गेले.

शास्त्रज्ञांचं उत्तर होतं : अंतराळातून येणारे वैश्विक किरण याहून कितीतरी जास्त ऊर्जेने पृथ्वीवर आदळत असतात. साडेचार अब्ज वर्षं झाली, पृथ्वी जागेवर आहे.

यावर शंका घेणारे म्हणाले, थांबा. त्या किरणांतून विवर बनलं तर ते सुसाट वेगाने पृथ्वीतून आरपार निघून जाईल. मशीनमधलं मंद असेल, ते इथेच अडकेल. त्याचं काय?

खरं सांगू? हा प्रश्न चांगला होता. आणि त्याला उत्तरही मिळालं. २००८ मध्येच गिडिंग्ज आणि मँगॅनो या दोन शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला. श्वेतबटू आणि न्यूट्रॉन तारे इतके घट्ट असतात की सुसाट विवरसुद्धा त्यांच्यात अडकेल. भीती खरी असती, तर हे तारे केव्हाच गिळले गेले असते. पण म्हातारे झालेले असे तारे आजही आकाशात दिसतात. कोर्टाने मात्र विज्ञानात हात घातलाच नाही. हे आमच्या अधिकारात बसत नाही म्हणून सप्टेंबर अखेरीस दावा काढून टाकला.

म्हणजे सामान्य माणसाने अंदाज बांधूच नये का? अजिबात तसं नाही. मुळात प्रकाशालाही अडवून धरणाऱ्या ताऱ्याची कल्पना १७८३ साली जॉन मिशेल या इंग्लंडमधल्या धर्मगुरूने मांडली. घनता सूर्याइतकीच पण व्यास ५०० पट असेल, तर त्या ताऱ्याचा प्रकाश बाहेर पडणार नाही, असा त्याचा हिशोब. तो कधीकाळी केंब्रिजमध्ये प्राध्यापक होता, पण हे लिहिलं तेव्हा गावचं चर्च सांभाळत होता. प्रकाशाबद्दलची त्याची समजूत आज कोणी मानत नाही. पण त्याने एक गोष्ट केली. तो तारा दिसणार नाही, मग ओळखायचा कसा, हेही सांगितलं : शेजारचा एखादा दिसणारा तारा रिकाम्या जागेभोवती फिरतोय का, बघा. १९७२ च्या सुमारास हंस तारकासमूहातलं कृष्णविवर बरंचसं असंच सापडलं.

मिशेलने अंदाजासोबत तपासायची रीत दिली होती. आमच्या मंडळात आणि टीव्हीवर आली ती फक्त धास्ती. गिडिंग्ज आणि मँगॅनोचं उत्तर तेव्हा तयार होतं, पण आमच्या घरापर्यंत ते पोचलंच नाही.

आता तुमच्या फोनवर "उद्या जग संपणार" असा मेसेज आला, तर पाठवणाऱ्याला एकच विचारा : हे खरं असेल, तर आत्ता कुठे दिसायला हवं? आणि घरात लहान भावंडं असतील, तर ते उत्तर त्यांनाही सांगा. ती घाबरली असतील, पण बोलली नसतील. मीही तेव्हा बोललो नव्हतो.

पुढच्या भागात भेटू. आणि हो, गृहपाठ करून ठेवा!