घोडबंदरच्या आतले रस्ते

घोडबंदर हे नाव फोनवर टाईप केलं की आधी ट्रॅफिकची बातमी येते. गायमुखच्या घाटात बंद पडलेला ट्रक, वरसावे नाक्यापर्यंत लागलेली रांग, मॅपवर लालभडक रेघ. या भागात सायकल चालवायला निवांत रस्ते आहेत असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. पण आहेत. मी ते बरीच वर्षं शोधत फिरतोय आणि फिरता फिरता एक गोष्ट लक्षात आली. रस्ता निवांत असतो त्याची दोनच कारणं दिसतात. एकतर त्याची वर्दळ कधीतरी दुसरीकडे वळलेली असते, नाहीतर गावाने भांडून ती बाहेर थोपवलेली असते.

पहिल्या कारणाचं उदाहरण म्हणजे खुद्द घोडबंदर गाव. महामार्ग सोडून गावात शिरलं की दोन मिनिटांत हॉर्न मागे पडतात. घरं, चढण, वर टेकडीवरचा किल्ला आणि खाली वसईची खाडी. इथे पोर्तुगीजांच्या काळात घोड्यांचा व्यापार चालायचा, अरबी घोडे उतरायचे, म्हणून हे घोडबंदर, असं सांगतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज या भागात स्थिरावले. जॉन फ्रायर हा इंग्लिश डॉक्टर १६७० च्या दशकात इकडे फिरला, त्याच्या प्रवासवर्णनात गावाचं नाव ‘ग्रेबोंडेल’ असं काहीतरी होऊन बसलंय. शिवाजी महाराजांच्या काळात, १६७२ मध्ये, मराठ्यांनी हा किल्ला घ्यायचा प्रयत्न केला, तो फसला. १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत तो हाती आला.

हे सगळं खाडीमुळे. तेव्हा माल आणि माणसं पाण्यावरून जायची. ठाणे, घोडबंदर, वसई ही एकाच जलमार्गावरची ठिकाणं. आज तीच तीन नावं आपण तीन वेगवेगळ्या ट्रॅफिक जॅममध्ये विभागून टाकली आहेत.

मग रस्ता आला. मुंबईकरांना मी हे सांगतो तेव्हा बरेच जण चकित होतात: वांद्रे, अंधेरी, मालाड करत जाणाऱ्या एस. व्ही. रोडचं जुनं नाव घोडबंदर रोड. १८४५ मध्ये माहीमची खाडी ओलांडणारा कॉजवे झाला आणि मुंबई बेट साष्टीला जोडलं गेलं. त्याच्यापुढे साष्टीच्या पश्चिम अंगाने उत्तरेला जाणारा रस्ता जिथे खाडीला टेकतो ते घोडबंदर. एका अख्ख्या रस्त्याला टोकाच्या गावाचं नाव मिळालं, एवढा त्या बंदराचा दबदबा होता. पण १८६४ मध्ये बी. बी. अँड सी. आय. रेल्वे वसईची खाडी ओलांडून ग्रँट रोडपर्यंत आली. रूळ गेले ते भाईंदरवरून. घोडबंदर बाजूला राहिलं. एका खेपेला बैलगाड्यांच्या तांड्याहून जास्त माल नेणारी गाडी शेजारून धावू लागल्यावर बंदर कोण वापरणार?

घोडबंदर गावातल्या गल्ल्या आज शांत आहेत त्या रेल्वेने गाव टाळलं म्हणून, आणि नंतर महामार्गही गावाच्या कडेने गेला म्हणून. नाव मात्र शांत राहिलं नाही. एस. व्ही. रोडवरून ते गळून पडलं आणि ठाण्याच्या माजिवड्यापासून इकडे येणाऱ्या रस्त्याला चिकटलं. एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी आणि उद्यानाचाच तुटक राहिलेला नागलाचा तुकडा. मधून गुजरातकडे जाणारे कंटेनर. बिबट्याने रस्ता ओलांडायचा तो याच कंटेनरमधून. या रस्त्यावर मी सायकल घालत नाही आणि तुम्हीही घालू नका.

दुसऱ्या कारणाची उदाहरणं शोधायला भाईंदर पश्चिमेकडून निघायचं. मुर्धा, राई, मोर्वा ही एकापाठोपाठ एक गावं, कडेला मिठागरं आणि तिवरं. सकाळी सहाला इथे पाववाल्याची सायकल दिसते. पुढे डोंगरी, चौक, उत्तन. हे जुनं धारावी बेट (झोपडपट्टीची धारावी वेगळी). वसईच्या खाडीचं तोंड इथून दिसतं, म्हणून १७३७ ते १७३९ या दोन वर्षांत मराठे आणि पोर्तुगीज हे बेट एकमेकांकडून हिसकावून घेत होते. चौकला किल्ल्याच्या जागी आता चिमाजी आप्पांचा पुतळा आहे. तिथे उभं राहून पलीकडे वसई पाहिली की मोहीम कळते, पुस्तकात तेवढी कळत नाही. उत्तनहून समुद्र धरून गोराईपर्यंत जाता येतं.

हा रस्ता जितका सुंदर तितकाच धोक्यात. धावगीच्या डोंगरावर शहराचं डम्पिंग आहे, कचऱ्याच्या गाड्या याच रस्त्याने जातात आणि वारा फिरला की चढणीवर नाक दाबून पेडल मारावं लागतं. मेट्रो ९ ची कारशेड आधी राई-मुर्ध्याला ठरली, गावकऱ्यांनी विरोध केला. मग ती डोंगरीकडे सरकवायचं ठरलं आणि तिथे हजारो झाडांचा प्रश्न उभा राहिला. मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ ची, महापालिका २००२ ची. एवढ्या थोड्या काळात हे शहर उभं राहिलं. त्याला लागणारं सगळं कुठेतरी ठेवावं लागतं आणि ते बहुतेक वेळा अशाच रस्त्यांच्या शेवटी नेऊन ठेवतात. मेट्रो मलाही हवी आहे. डम्पिंग आणि कारशेड दोन्ही एकाच पट्ट्याच्या वाट्याला का, हा गावकऱ्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो.

पलीकडच्या वसईने हा प्रश्न आधीच विचारला होता. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या हिरव्या पट्ट्यावर नव्या शहराच्या आराखड्याची सावली पडली, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन उभं राहिलं. नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते हेच. २०२४ मध्ये ते गेले. लढा नुसत्या झाडांचा नव्हता. विहिरींचं पाणी टँकरने उपसून बांधकामांना विकलं जात होतं, वाड्या सुकत होत्या. पुढे २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली तेव्हाही गावं वगळा म्हणून लोक रस्त्यावर आले.

या भांडणातून सगळं वाचलं असं नाही, वसई रोड स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की ते दिसतंच. पण गिरीज, भुईगाव, निर्मळ, आगाशी या बाजूला अजून केळीच्या बागांमधून जाणारे, दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला थांबावं लागेल असे रस्ते आहेत. सायकलवाल्याला स्वर्ग वाटतो तो रस्त्याचा हा अरुंदपणा. रुंदीकरण झालं की वेग येतो, वेग आला की आपण कडेला.

आणि गंमत अशी की घोडबंदरच्या काळातली वाट आता पुन्हा उघडली आहे. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर ते वसई रो-रो सुरू आहे. रस्त्याने तीस-पस्तीस किलोमीटरचा वळसा, पाण्यावरून साधारण साडेतीन किलोमीटर, पंधराएक मिनिटं. सायकलही चढवता येते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रेलिंगला सायकल टेकवून उभा होतो आणि डावीकडे समुद्र, समोर वसईचा किल्ला. मे १७३९ मध्ये पडलेला तो किल्ला मी आधी कितीदा तरी रस्त्याने जाऊन पाहिला होता. पाण्यावरून तो दुसराच दिसतो, अंगावर येतो.

जायचं असेल तर पावसाळा संपल्यावर, सकाळच्या फेरीने जा. किल्ल्यातून गिरीज, निर्मळ करत आगाशीला पोचा आणि तिथली सुकेळी घ्या, म्हणजे केळी वाळवून केलेली. वेळ उरला तर नालासोपाऱ्याचा स्तूपही बघा. सोपारा एकेकाळी मोठं बंदर होतं, १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो स्तूप उकरला तोवर गावाच्या कडेला ते एक मातीचं टेकाड होतं. परतीची शेवटची फेरी किती वाजता ते जेट्टीवर उतरतानाच विचारून ठेवा. चुकली तर पुढचा रस्ता महामार्गावरून, वरसाव्याच्या पुलावरून, कंटेनरांच्या रांगेतून आहे.