कोनोडॉन्टचा रंग: दगड किती तापला होता?

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण यात राजा नाही, तह नाही, बखर नाही. कागद म्हणून आपल्याकडे आहे चुनखडकाचा एक तुकडा, आणि प्रश्न एवढाच, की हा दगड आयुष्यात किती तापला होता?

आता तुम्ही म्हणाल, दगड गार पडला की विषय संपला. कोट्यवधी वर्षांपूर्वी तो किती तापला होता, हे आज कसं कळणार? तर कळतं. त्यासाठी दगड व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लात टाकून ठेवायचा. चुना हळूहळू विरघळतो आणि तळाला गाळ राहतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की एखादवेळेस त्यात इवलेसे दात दिसतात. कुणी सुळ्यासारखा, कुणी करवतीच्या पात्यासारखा, बरेचसे मिलिमीटरभरसुद्धा नाहीत. हे कोनोडॉन्ट. साधारण ५० कोटी वर्षांपूर्वीपासून २० कोटी वर्षांपूर्वीपर्यंतच्या समुद्री खडकांत ते सापडतात.

त्यांचं पहिलं वर्णन केलं ख्रिस्तियान पांडर यांनी, १८५६ साली. हे रीगा शहराचे, म्हणजे तेव्हाच्या रशियन साम्राज्यातले. (कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाचे थर ओळखणारे पांडर ते हेच. माणूस एका विषयात मावणारा नव्हता.) त्यांना वाटलं, हे माशांचे दात असावेत. प्राणी काही सापडेना, दात मात्र ढिगाने सापडत राहिले. त्यांचे आकार काळानुसार भराभर बदलत गेलेले, त्यामुळे खडकाचं वय ठरवायला ते फार सोयीचे. मग शंभरेक वर्षं सगळ्यांनी आकार बघितले, नावं दिली, तक्ते केले. रंगही डोळ्यांसमोर होताच. एका गावचे दात मधासारखे पिवळट, दुसऱ्या गावचे काळे कुळकुळीत. पण त्या रंगाचं नीट मोजमाप कुणी केलं नव्हतं.

ते केलं अनिता हॅरिस यांनी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या या बाई अमेरिकेच्या सरकारी भूशास्त्रीय सर्वेक्षणात काम करत होत्या. अपालाचियन पर्वतरांगांतले नमुने बघताना त्यांच्या लक्षात आलं, की पश्चिमेकडचे कोनोडॉन्ट फिके आहेत आणि पूर्वेकडे, पर्वताच्या गाभ्याकडे जावं तसे ते गडद होतात. हा योगायोग कसा असेल? तेल कंपन्यांचे लोक तेव्हा जीवाश्म परागकणांच्या रंगावरून खडकाच्या उष्णतेचा अंदाज घेत असत. लिओनार्ड हॅरिस या सहकाऱ्याकडून हे ऐकल्यावर त्यांना धागा जुळला. परागकणांची अडचण अशी, की जमिनीवर झाडंच नव्हती त्या काळच्या समुद्री चुनखडकात ते मिळणार कुठून? कोनोडॉन्ट मात्र नेमके तिथेच भरपूर.

मग त्यांनी फिके कोनोडॉन्ट सरळ भट्टीत घातले. पिवळट दाणे तपकिरी झाले, मग गडद तपकिरी, मग काळे. निसर्गात दिसणारा तोच क्रम.

असं का होतं, हे समजायला कांदा परतायला घ्या. आधी पांढरा, मग गुलाबी, मग सोनेरी, मग तपकिरी आणि लक्ष नसलं की कोळसा. यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, काळा झालेला कांदा गॅस बंद केला म्हणून परत गुलाबी होत नाही. दोन, मंद आचेवर बराच वेळ ठेवला काय आणि मोठ्या आचेवर थोडा वेळ ठेवला काय, रंग तोच येऊ शकतो. कोनोडॉन्ट कॅल्शियम फॉस्फेटचे असतात, साधारण आपल्या दातांसारखे, आणि त्यांच्या थरांत किंचित सेंद्रिय द्रव्य अडकलेलं असतं. ते उष्णतेनं कोळशासारखं होत जातं. भट्टीत प्रखर आच आणि तास-दिवस, जमिनीखाली मंद आच आणि लाखो वर्षं. पहिल्यावरून दुसऱ्याचं गणित मांडणं, हे खरं काम होतं.

१९७७ साली तो प्रबंध आला. त्यावर तीन नावं आहेत: अनिता एपस्टाइन (हे त्यांचं तेव्हाचं आडनाव), जॅक एपस्टाइन आणि लिओनार्ड हॅरिस. रंगांना १ ते ५ असे अंक दिले. १ म्हणजे फिका पिवळा, ८० अंश सेल्सिअसच्या आतला. ३ म्हणजे साधारण ११० ते २०० अंश. ५ म्हणजे काळा, ३०० अंशांच्या वर.

तारीख बघा. १९७३ च्या तेलटंचाईचे चटके ताजे होते. जमिनीखाली तेल तयार व्हायला बेताची आच लागते. कमी पडली तर कच्चंच राहतं, जास्त झाली तर गॅस होतो आणि त्याच्याही पुढे हाती काही लागत नाही. म्हणजे दात फिके असतील तर तेलाची आशा धरायची, काळे असतील तर विहीर खणण्यात पैसे घालू नयेत. रंग योग्य म्हणजे तेल आहेच, असं मात्र नव्हे. मला वाटतं या पद्धतीचा खरा उपयोग 'इथे नको' हे स्वस्तात सांगण्याचा होता. १९७८ मध्ये अपालाचियन खोऱ्याचे असे नकाशेही छापले गेले.

माझ्यासारखीला तेलापेक्षा दुसऱ्या गोष्टीचं अप्रूप जास्त. जमिनीत खाली जावं तसं दर किलोमीटरला अंदाजे २५ ते ३० अंश तापमान वाढतं. म्हणजे आज उघड्यावर पडलेल्या दगडात २०० अंशांचे दात निघाले, तर त्याच्यावर कधीकाळी सहा-सात किलोमीटर खडक असण्याची शक्यता आहे. ते ओझं झिजून वाहून गेलं. मागे उरली ती या दाण्यावरची काळी छटा.

अर्थात ती नेहमी ओझ्याचीच नसते. जवळून तप्त शिलारस गेला किंवा गरम पाणी झिरपलं, तरी दात काळवंडतात. इथे पोत उपयोगी पडतो. गरम पाण्यानं गाठलेल्या दातांचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा, निस्तेज होतो आणि एकाच दगडात निरनिराळ्या रंगांचे दाणे निघतात. आणि काळ्याच्या पुढेही रंग आहेत बरं का. उष्णता आणखी वाढली की कोळसाही निघून जातो आणि दात राखाडी, मग पांढरा, शेवटी जवळजवळ पारदर्शक होतो. १९८७ मध्ये हे ६ ते ८ असे पुढचे अंक जोडले गेले. त्यामुळे नुसत्या 'फिका'वर विसंबायचं नाही, हाताखालचा दाणा गुळगुळीत आहे की खडबडीत तेही बघायचं.

आपल्याकडे सह्याद्रीत हे शोधायला जाऊ नका. आपला काळा पाषाण लाव्हाचा, तोही साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. काश्मीर आणि स्पितीच्या चुनखडकांत मात्र कोनोडॉन्ट आहेत.

आणि तो प्राणी? एडिंबराजवळ १९२०च्या दशकात गोळा केलेला एक दगड संग्रहात पडून होता. त्यावर ईलसारख्या चार सेंटिमीटरच्या मऊ शरीराचा ठसा आणि तोंडाशी हेच दात. हे कळलं १९८२ मध्ये, जाहीर झालं १९८३ मध्ये. तोवर दातांवरून तापमान वाचायला लागून सहा वर्षं झाली होती.

पुढच्या भागात पांडरांच्या अंड्यांबद्दल बोलू. तोवर रजा घेते.