सायकलीवरचे इंजिन आणि कामगाराची वाट



वाहनांचा इतिहास सांगताना बहुधा वेगाचा इतिहास सांगितला जातो. कोणत्या साली कोणती गाडी ताशी किती मैल धावली, कोणत्या शर्यतीत कोण पहिला आला, याच्या याद्या पुस्तकांत सापडतात. आजचा माझा विषय त्या याद्यांबाहेरचा आहे. साध्या सायकलीला छोटे इंजिन जोडण्याची धडपड जगात कोठे आणि का झाली, ते इंजिन निवडताना व बसवताना माणसे काय शिकली, आणि आपल्या मराठवाड्यातील कामगाराशी त्याचा संबंध काय, एवढेच मला सांगायचे आहे. यंत्रशास्त्र मी कोणत्या विद्यालयात शिकलो नाही. फिटर मित्रांनी समजावले आणि सार्वजनिक ग्रंथालयाने वाचायला दिले, त्यावरच ही शिदोरी बांधली आहे.

प्रथम आपल्या गावाकडे पाहू. मुकुंदवाडी हे जालना रस्त्याकाठचे जुने गाव. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्या काळात शेजारी चिकलठाण्याची वसाहत उभी राहिली. येथून तेथे जायला दोन पाय पुरेसे होते, सायकल असली तर चैनच. पण 1985 साली शहराच्या दुसऱ्या टोकाला वाळूजमध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आगेमागे तेथे शेकडो लहानमोठे कारखाने आले. पूर्वेच्या वस्तीत राहणाऱ्या माणसाला पंधरा-वीस किलोमीटर जाणे आणि तितकेच येणे पडू लागले. आठ तासांच्या पाळीला जोडून जाण्यायेण्याचे हे दोन-अडीच तास कोणाच्या हजेरीपटावर लागत नाहीत. सायकलीवरच्या इंजिनाचा खरा इतिहास या न मोजलेल्या तासांतून जन्मलेला आहे, हे माझे आजचे प्रतिपादन आहे.

निरोगी माणूस तासभर न थकता पायडल मारतो तेव्हा त्याच्या पायांतून सुमारे 75 ते 100 वॅट शक्ती निघते. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट. याचा अर्थ, अर्ध्या अश्वशक्तीचे इंजिन जरी सायकलीला जोडले तरी चार-पाच माणसांचे पाय मदतीला आले. म्हणून मोठ्या इंजिनाची गरज कधी नव्हतीच. प्रश्न होता तो इंजिन कोठे बसवावे आणि त्याची शक्ती चाकापर्यंत कशी न्यावी, हा.

हा प्रश्न पॅरिसमध्ये मिशेल आणि यूजीन वर्नर या बंधूंनी अंगावर घेतला. 1897 च्या सुमारास त्यांनी इंजिन पुढच्या चाकाच्या वर, हँडलापाशी बसवले आणि पट्ट्याने पुढचे चाक फिरवले. बसवायला सोपे, पण सगळा भार उंचावर आणि पुढे. ओल्या रस्त्यावर गाडी घसरे आणि स्वाराला घेऊन आडवी होई. अखेर 1901 साली त्यांनी इंजिन खाली आणून, जेथे पायडलाचा आस असतो तेथे, सांगाड्यातच बसवले. भार खाली आला, दोन्ही चाकांमध्ये वाटला गेला आणि गाडी स्थिर झाली. आजच्या मोटारसायकलीत इंजिन बहुधा त्याच जागी असते.

वर्नर बंधूंना शौकीन गिऱ्हाईक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र गिऱ्हाईक बदलले. युरोप आणि जपान उद्ध्वस्त झाले होते. आगगाड्या खिळखिळ्या, बस नाहीत, पेट्रोल मोजूनमापून, मजुरी तुटपुंजी; पण कारखान्याचा भोंगा वेळेवर वाजे. घरात सायकल होती. मग तिलाच इंजिन लावा, ही कल्पना एकाच वेळी अनेक देशांत निघाली. इटलीत 48 घन सेंटिमीटरचे कुच्चोलो हे इंजिन निघाले. कुच्चोलो म्हणजे कुत्र्याचे पिल्लू. इंजिनाच्या भुंकण्यासारख्या आवाजावरून हे नाव पडले. 1946 पासून दुकाती कंपनी ते बनवू लागली. ते पायडलाच्या आसापाशी बसे. त्याच साली फ्रान्समध्ये वेलोसोलेक्स बाजारात आली. तिचे इंजिन पुढच्या चाकावर आणि एक छोटा रूळ टायरला घासून चाक फिरवणारा. इंग्लंडात 1950 साली सायकलमास्टर आले. त्यात इंजिन मागच्या चाकाच्या पोटातच होते. जुने चाक काढायचे आणि हे बसवायचे.

जपानमध्ये हामामात्सु गावी सोइचिरो होंडा यांना 1946 साली सैन्याच्या बिनतारी यंत्रांसाठी वीज करणारी छोटी इंजिने पडून असलेली मिळाली. सुमारे 500 इंजिने होती. त्यांनी ती सायकलींना जोडून विकली. पेट्रोल दुर्मिळ म्हणून त्यात टर्पेंटाइन मिसळीत. साठा संपला तेव्हा स्वतःचे इंजिन बनवले. 1952 साली मागच्या चाकाला जोडायचे कब नावाचे इंजिन काढले आणि ते खपवण्यासाठी देशभरच्या सायकल दुकानदारांना पत्रे पाठवली. आज जगभर पसरलेल्या त्या उद्योगाचा पाया असा सायकलवाल्यांच्या दुकानांत घातला गेला.

या सर्व प्रकारांत गणित मात्र एकच. आपल्या साध्या 28 इंची सायकलीचे चाक एका फेऱ्यात सुमारे सव्वादोन मीटर जाते. ताशी 30 किलोमीटर म्हणजे मिनिटाला 500 मीटर. म्हणजे चाकाचे मिनिटाला सुमारे 225 फेरे. छोटे इंजिन नीट ओढते ते मिनिटाला चार-साडेचार हजार फेऱ्यांवर. तेव्हा इंजिनाच्या वीस फेऱ्यांना चाकाचा एक फेरा पडला पाहिजे. रूळ वापरला तर हे काम एका टप्प्यात होते, कारण साडेतीन सेंटिमीटर व्यासाचा रूळ 71 सेंटिमीटरच्या चाकाला हाच हिशेब देतो. पण पावसात रूळ टायरवर घसरतो आणि टायर खातो. चेन घसरत नाही, पण तिला दोन टप्पे लागतात, आणि मागची चकती चाकाच्या बरोबर मध्यावर बसली नाही तर चेन उडते. चाकाच्या पोटातले इंजिन सुटसुटीत, पण सगळा भार तारांवर आणि पंक्चर काढणे जिकिरीचे. निवड करायची म्हणजे यांतला कोणता त्रास आपल्या रस्त्याला सोसेल ते ठरवायचे.

सर्वांत मोठा धडा ब्रेकचा आहे. वेग दुप्पट झाला की गाडीतील गतीचा जोर चौपट होतो आणि थांबायला अंतरही चौपट लागते. ताशी 15 किलोमीटरसाठी केलेले सायकलीचे दांड्याचे ब्रेक ताशी 30 वर तोकडे पडतात. ओल्या लोखंडी रिमवर तर ते नुसते घासत राहतात. पुढचा चिमटा, मागच्या तारा, सांगाड्याचे सांधे हे सगळे माणसाच्या पायांच्या जोराला बेतलेले असते. म्हणून पहाटेच्या अंधारात निघणाऱ्याने इंजिन घेताना ते किती पळते हे विचारण्याआधी माझी सायकल त्याला थांबवू शकते काय, हे विचारावे.

हा धडा कारखानदारांनीही घेतला. सायकलीला इंजिन लावण्याऐवजी त्यांनी इंजिनासाठी नवी सायकल बनवली. जाड नळ्या, लहान मजबूत चाके, डबीतले ब्रेक, पण पायडल कायम. तिलाच मोपेड हे नाव पडले. भारतात 1960 नंतरच्या दशकात फ्रेंच मोबिलेटवरून सुवेगा निघाली. महाराष्ट्रात 1972 साली हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनीअरिंगने लूना आणली. पियाजिओ कंपनीच्या चाओवर बेतलेली ही 50 सी. सी. ची गाडी आपल्या शेजारच्या नगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, कारखान्यात तयार होई. मास्तर, नर्स, कारकून, मिस्त्री असे पगारावर जगणारे लोक तिच्यावर बसले. पेट्रोल संपले तर पायडल होतेच. 1981 साली बजाजची एम-50 आणि 1986 साली एम-80 आली. एम-80 ला पायडल उरले नव्हते. दुधाचे कॅन आणि भाजीची पोती तिने वाहिली. पुढे मोटारसायकली हप्त्याने मिळू लागल्या आणि मोपेड मागे पडली. लूनाचे उत्पादन थांबले. 2024 साली ती विजेवर चालणारी होऊन परत आली.

कोणी म्हणेल, मग आज हा विषय कशाला? कारण ज्याच्या हातात कंत्राटी काम आहे आणि हप्ता भरण्याची शाश्वती नाही, तो आजही सायकलीला जोडायच्या इंजिनाकडे वळतो. सांगाड्याच्या त्रिकोणात बसणारे तयार संच विकले जातात. 80 सी. सी. म्हणून विकलेले इंजिन मोजले तर बहुधा 66 च्या आसपास भरते. त्याची चकती मागच्या चाकाच्या तारांनाच रबर घालून आवळतात. आवळणी थोडी ढिली पडली तर तारा तुटतात. त्याहून गंभीर बाब कायद्याची आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातून आज 25 सी. सी. पर्यंतचे इंजिन असलेले दुचाकी-तिचाकी वाहन वगळलेले आहे. त्यापुढे गेलात की ती मोटार झाली. नोंदणी, परवाना, विमा सगळे आले. घरी जोडलेल्या गाडीची नोंदणी होत नाही, म्हणून विमाही मिळत नाही. रस्त्यात दुसऱ्याला लागले तर भरपाई चालवणाऱ्याच्या खिशातून, आणि तो खिसा आपल्याला ठाऊक आहे. विजेची सायकल घेणाऱ्याने मोटर 250 वॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी आणि चाचणी संस्थेची मान्यता, या तीन गोष्टी पाहून घ्याव्यात.

आणखी एक गोष्ट संघटनेच्या माणसाने सांगायला हवी. घर ते गेट ही वाट कामाचाच भाग आहे, असे कामगार वर्षानुवर्षे म्हणत आले. 2010 साली कर्मचारी राज्य विमा कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामावर जातायेताना झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध सिद्ध झाल्यास, कामावरचाच अपघात मानला जाऊ लागला. म्हणजे कायद्याने त्या वाटेचे अस्तित्व मान्य केले. मात्र त्या वाटेवर खर्च होणारा वेळ आणि पैसा अजून कामगाराच्याच नावावर आहे.

हामामात्सुकरांचे असो की मुकुंदवाडीकरांचे, सायकलीला इंजिन लावण्याचे कौशल्य गरजेतून आले. त्या कौशल्याचे कौतुक करताना हेही पाहिले पाहिजे की जेथे वस्तीजवळ काम होते किंवा वेळेवर बस होती, तेथे ही खटपट कमी लोकांना करावी लागली. म्हणून इंजिन घेणाऱ्याला माझे सांगणे आहे की लहान घ्या, भार खाली ठेवा, आधी ब्रेक बदला, आणि कायद्याच्या आत राहा. आणि वसाहतींचे नकाशे काढणाऱ्यांना सांगणे आहे की कारखान्याची जागा ठरवताना पाणी आणि वीज मोजता, तसे कामगाराच्या घरापासूनचे अंतरही मोजा, आणि पाळी सुटण्याच्या वेळी गेटावर बस उभी राहील याची तजवीज नकाशातच करा.